राहत्या घरी

घर ही माणसाच्या आयुष्यातली सर्वात गंभीर निवड असते, कारण शेवटच्या घटकेला ज्या छताकडे बघत पडायचं, ते छत आपण त्या दिवशी पसंत करत असतो. हे वाक्य मी भाऊंच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. दर वेळी भाऊ कुठल्यातरी नव्या इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, डोक्याखाली रुमाल घेऊन, फरशीवर उताणे पडलेले होते.

"सर, हा मास्टर बेडरूम," दाखवायला आलेली मुलगी दारातून चाचरत म्हणायची.

"तेच बघतोय," भाऊ खालून म्हणायचे. "पंख्याचा हुक मधोमध नाही."

मग ते उठत, पँट झटकत आणि हॉलमध्ये टेकून उभ्या असलेल्या वहिनींना निकाल सांगत. "नाही जमायचं. हुक एका बाजूला गेलाय. रोजच्याला चालेल, पण शेवटी त्रास होईल."

"बरं," वहिनी म्हणत आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन जिना उतरायला लागत.

भाऊ आमच्या दैनिकात निधनवार्ता बघत. रत्नागिरीतलं दैनिक म्हणजे त्यात काय असणार, पहिल्या पानावर महामार्ग, दुसऱ्यावर मासळी आणि आंबा, तिसऱ्यावर गेलेली माणसं. पहिलं पान लोक चाळतात, तिसरं वाचतात. मी भाऊंच्या शेजारच्या टेबलावर बसून भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाढदिवसांचे फोटो लावत असे. गावात आलेली माणसं माझ्याकडे आणि गेलेली त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती. वाढदिवसवाले तक्रारी घेऊन येत. भाऊंच्या वाटणीतलं सहसा कोणी येत नसे.

त्या सदराचे त्यांनी कायदे केले होते. 'दुःखद निधन' ते छापत नसत. 'दुःख वाचणाऱ्यानं ठरवावं, आपण का लादायचं?' एका अंकात दोन मनमिळाऊ माणसं ते जाऊ देत नसत. दुसऱ्याचा मनमिळाऊपणा काटून टाकत आणि म्हणत, "रोज एवढी मनमिळाऊ माणसं जातात, तर मागं उरतात ती कसली गं?" 'अल्पशा आजाराने' आलं की घरी फोन करून विचारत, "अल्पसा म्हणजे किती?" पलीकडून रडणं ऐकू यायचं. भाऊ थांबत, आणि रडणं ओसरलं की पुन्हा विचारत.

मजकूर अपुरा असेल तर बातमी मागे राही. नाव आहे, वय आहे, पण कुठे गेले ते नाही, अशी वार्ता ते लोखंडी टाचणीला टोचून ठेवत. संपादक ओरडत, "अहो, माणूस गेलाय, आणखी काय पाहिजे?" भाऊ शांतपणे सांगत, "स्थळ पाहिजे. स्थळ कळल्याशिवाय माझ्याकडे कोणी जात नाही."

सगळ्यात कडक कायदा होता तो 'राहत्या घरी' या शब्दांचा. आमच्याकडे निम्मी माणसं राहत्या घरी जातात, निदान छापील तरी. भाऊ त्याची खात्री करून घेत. घर भाड्याचं निघालं की 'राहत्या घरी' कटाप, तिथे नुसतं 'येथे'. मुलीकडे, पुतण्याकडे गेलेल्यांनाही 'येथे'. मी नवीन असताना एकदा विचारलं, की राहत होता तो माणूस तिथे, मग राहतं घर का नाही? भाऊंनी पेन खाली ठेवलं. "ज्या भिंतीत खिळा ठोकायला कोणाला विचारावं लागत नाही, ते राहतं घर. बाकीची सगळी वस्ती."

ही व्याख्या कुठून आली ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

लग्न झाल्यापासून भाऊ आणि वहिनी एका चिऱ्याच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. मालकीण पुढच्या अंगाला. बाई स्वभावानं वाईट नव्हती. फणस कापला की त्यातला चतकोर मागे यायचा, आणि वहिनी आजारी पडल्या की पेजेचं भांडंही. फक्त भिंतीला खिळा लावू द्यायची नाही. जुना गिलावा, एक ठोका मारला की थाळीएवढा पोपडा खाली, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. त्यामुळे त्या दोन खोल्यांत काहीच टांगलेलं नव्हतं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, वारा आला की महिना उलटायचा. आरसा ट्रंकेवर टेकवलेला, म्हणून वहिनी केस नेहमी बसून विंचरत. देव फळीवर आणि फळी विटांवर.

"मला काय बंगला नको गो बाय," वहिनी म्हणायच्या. "एक खिळा ठोकायचाय मला. आणि तो ठोकताना पुढून कोणी 'काय ओ, काय चाललंय?' असं विचारायला नको."

एवढीच मागणी होती. ती पुरी व्हायला नवं घर लागणार होतं, कारण जुनं घर भाऊंना चालत नव्हतं.

जुन्या घरांची त्यांची अडचण धंद्यातून आलेली. गावातल्या बहुतेक घरांत कोण, कुठल्या खोलीत आणि कशानं गेलं ते त्यांना पाठ होतं. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे तिसरं पान पायी वाचणं. "ह्या माडीवर दोन भाऊ, एकाच आठवड्यात. त्या ओटीवर वकील, पेपर वाचता वाचता. आपलाच पेपर." एकदा दलालानं नाचणे गावाकडे एक छान घर दाखवलं. चिऱ्याची बांधणी, मागे विहीर, दारात कलमी आंबा. वहिनी विहिरीच्या कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या त्या हलेनात. भाऊ न्हाणीच्या दारातून परत आले.

"ह्या न्हाणीत घसरून गेल्या घरच्या बाई. आपणच छापलं होतं."

"मग मी न्हाणीत जपून जाईन," वहिनी म्हणाल्या.

"आणि माजघरात त्यांचे सासरे."

"ते काय, सगळ्यांचेच सासरे जातात कुठेतरी."

दलाल हसला. भाऊ हसले नाहीत. "मी भुतंखेतं मानत नाही," ते मला माझ्या गाडीपाशी म्हणाले. "पण मजकूर पाठ आहे, त्याला काय करू? तिथे जेवायला बसलो की मला तो दिसणार. मला कोरं घर पाहिजे. ज्याच्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही."

म्हणून रविवारी आम्ही कोरी घरं बघायला जात असू. मी जात असे ते सोयीपुरतं. भाऊंना गाडी चालवता येत नसे आणि वहिनींना चालवत नसे. त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची वेळ निघून गेल्याचं सांगितलं होतं, आणि जिने चढू नका असंही. कोल्हापूरहून परतताना हातखंब्याच्या अलीकडे महामार्गाचं काम चालू असलेल्या ठिकाणी गाडी एवढी आदळली, की वहिनी म्हणाल्या, "झडप मिटली असेल आता." तेवढ्यावर तो विषय त्यांच्याकडून संपला. भाऊंकडून तो कधी सुरूच झाला नाही. ते आणखी जोरात घरं बघायला लागले, एवढंच.

नवी घरं रत्नागिरीत खूप झाली आहेत. जिथे पूर्वी कातळाच्या सड्यावर गुरं चरायची तिथे आता सात मजल्यांवर लोक कपडे वाळत घालतात. पण घर नवं म्हणजे ते तयार असतंच असं नाही. लिफ्ट येणार असते. नळाला पाणी येणार असतं. समोरून रस्ता जाणार असतो आणि मागं बाग होणार असते. आत्ता असतं ते सिमेंटच्या धुळीत उभं राहून ऐकायचं. एकदा असं बरंच ऐकून झाल्यावर भाऊ मला म्हणाले, "माझा सगळा व्यवहार भूतकाळात. ह्यांचा सगळा भविष्यकाळात. वर्तमानकाळात राहायला जागा काही ह्या गावात मिळायची नाही."

आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, अशी समजूत आहे. त्याला जागेवाला म्हणतात. तो दिसत कोणालाच नाही, पण पाया खणण्याआधी त्याला नारळ द्यायचा असतो. भाऊंचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तरी बिल्डरला ते हटकून त्याच्याबद्दल विचारत, आणि उत्तरावरून बिल्डरची पारख करत. कुवारबावच्या एका इमारतीचा बिल्डर घाटावरचा होता. गळ्यात साखळी, बोलणं भरघोस.

"जागेवाला कोण इथला?" भाऊंनी विचारलं.

"मीच की!" बिल्डर छातीवर हात ठेवून म्हणाला. "सातबारा माझ्या नावावर हाय."

"तुमच्या आधीचा?"

"आधी एक म्हातारा होता. मुंबईला गेला पोराकडं."

"गेला?" भाऊंच्या कपाळावर आठी आली. "असा जात नाही तो. त्याला नारळ दिलात का?"

"नारळ कशाला? चेक दिला की साहेब!"

सिमेंटच्या पोत्यांवर बसलेल्या वहिनी हसायला लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली, तरी हसू थांबेना. पदर तोंडाला लावून त्या डोलत होत्या आणि बिल्डरला वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यानं पाणी मागवलं. मग या माणसांना नारळाचंच काहीतरी पाहिजे एवढं त्याला उमगलं असावं, कारण निघताना त्यानं आमच्या हातात एक सोललेला नारळ ठेवला. भाऊ तो दोन्ही हातांत धरून गाडीत बसले. देवाला द्यावा तर देव मानत नाहीत, परत करावा तर कसा. शेवटी वहिनींनी त्याची सोलकढी केली. मला वाटी देताना म्हणाल्या, "पी गो. जागेवाल्याच्या वाट्याची आहे."

त्यानंतर घरात काहीही बिघडलं, दूध नासलं, दिवे गेले, की त्या म्हणत, "बघा, खाल्लंत ना त्याचं?"

ती इमारत मात्र चांगली होती. आतून बघितलेल्यांत सगळ्यात बरी. दक्षिणेकडच्या गॅलरीतून, दोन टाक्यांच्या मधून, बोटभर समुद्रही दिसे. ओटा वहिनींच्या उंचीचा होता. भाऊ पाठीवर पडून आले, त्यांना काही खोट सापडली नाही, आणि म्हणून ते जास्तच अस्वस्थ झाले. आठवडाभर त्यांनी विचार केला आणि मग सांगितलं, की जिन्याच्या पायऱ्या विषम आहेत.

त्या संध्याकाळी मी वहिनींची औषधं द्यायला गेले होते. त्या परसात विळीवर बांगडे साफ करत होत्या. चार मांजरं गोल करून बसली होती. प्रत्येक बांगड्यानंतर त्या जरा थांबत, श्वास घेत, मग पुढचा उचलत.

"वहिनी, पायऱ्या विषम असल्या तर काय बिघडतं हो?" मी विचारलं.

"काही बिघडत नाही. सम असत्या तर सम आहेत म्हणून नको म्हणाले असते." त्यांनी एक शेपूट मांजराकडे टाकलं. "तुला अजून कळलं नाही? इतकी वर्षं बसतेस ना गो त्यांच्या शेजारी?"

"काय?"

"घर झालं की मी मरायला मोकळी, असं घेतलंय त्यांनी डोक्यात. राहतं घरच नाही, तर राहत्या घरी जाणार कशी? तोवर माझी बातमी तिकडे टाचणीला." त्या हसल्या, पण थोडंच, कारण हसण्याचा त्यांना त्रास होई. "शिकलेला माणूस आहे गो. देवाला हात जोडत नाही. आणि हे असलं."

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत भाऊंना जरा धीर करून म्हटलं, "भाऊ, वहिनींना बरं आहे तोवर ती कुवारबावची जागा घेऊन टाका." ते मजकूर वाचत राहिले. वर न बघता म्हणाले, "मजकूर अपुरा असला की मी बातमी मागे ठेवतो, माहीत आहे ना तुला?"

घर शेवटी वहिनींनी घेतलं. पुढच्या रविवारी त्या स्वतः बिल्डरसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हीच घेतली. दसऱ्याला ताबा द्या." भाऊंनी तोंड उघडलं. "तुम्ही गप बसा हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला छत पाहिजे, मला भिंत. छत तुमचं बघून झालंय."

बिल्डरनं दसऱ्याला नक्की म्हणून सांगितलं. आधीच्या गिऱ्हाइकांना त्यानं पाडव्याला नक्की म्हणून सांगितलं होतं. नव्या घराचा ताबा नेहमी शुभमुहूर्तावर मिळतो, आणि शुभमुहूर्ताचं एक बरं असतं, तो पुढच्या वर्षी परत येतो.

गणपतीनंतर वहिनींचे पाय सुजायला लागले. एका रविवारी त्या म्हणाल्या, मला घर बघून यायचंय. लिफ्टच्या जागी तेव्हा नुसता उभा अंधार होता आणि तळाशी पारव्यांची पिसं. मग बिल्डरच्या माणसांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी होई आणि वहिनी म्हणत, "सावकाश रे बाबांनो, पायऱ्या विषम आहेत. साहेबांना विचारा."

आत गेल्यावर त्यांनी पिशवीतून दोन खिळे आणि खलबत्त्यातला बत्ता काढला. घरून निघताना तो त्यांनी फडक्यात गुंडाळून घेतला होता. भाऊ म्हणाले, "अगं, ह्या भिंतीला ड्रिल लागतं. खिळा जायचा नाही."

"बघू दे तरी."

पहिला खिळा वाकला. आवाज रिकाम्या खोल्यांत केवढा तरी घुमला, आणि वहिनींनी सवयीनं मागे वळून बघितलं. कोणी आलं नाही. कोणी विचारलं नाही. त्यांनी दुसरा खिळा धरला. बत्ता जड होता, तरी आम्हां दोघांना त्यांनी हात लावू दिला नाही. खिळा तिरपा गेला, अर्धामुर्धा, आणि अडकला. "पुरे तेवढा," त्या म्हणाल्या. खालच्या ऑफिसातून बिल्डरच्या जाहिरातीचं कॅलेंडर मागवून त्यांनी त्यावर अडकवलं. ते डावीकडे झुकून राहिलं.

मग भाऊ बेडरूममध्ये जाऊन, रुमाल घेऊन, आडवे झाले. वहिनी भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या.

भाऊ सरकले. वहिनी आधी बसल्या, मग हळूहळू त्यांच्या शेजारी, धुळीत, पाठ टेकून पडल्या. मी गॅलरीत जाऊन दोन टाक्यांच्या मधला समुद्र बघत उभी राहिले. आतलं बोलणं ऐकू येत होतं, कारण नव्या घरात आवाज अडायला काही नसतं.

"हुक?"

"मधोमध आहे."

"आणि काय दिसतंय हो तुम्हाला?"

"काही नाही."

"मला पण काही नाही दिसत," वहिनी म्हणाल्या. "बरंय की."

नवरात्रात, दुपारी, जेवणं झाल्यावर, वहिनी त्या मागच्या अंगाच्या खोलीत गेल्या. भाऊ कचेरीत होते. मालकीण जवळ होती. तिनंच त्यांच्या तोंडात पाणी घातलं, आणि संध्याकाळी सगळ्यांत मोठ्यानं तीच रडली.

दुसऱ्या दिवशी भाऊ येणार नाहीत असं धरून संपादकांनी वार्ता मला लिहायला सांगितली. मी लिहिली. भाऊंचे कायदे मला पाठ होते. 'दुःखद' नव्हतं. आजार अल्पसा नव्हता, म्हणून 'दीर्घ आजाराने' लिहिलं. स्थळाच्या जागी 'येथे निधन झाले' असं लिहिलं. 'त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' हे मी लिहिलं, कारण होत्या. शेवटी 'त्यांच्या पश्चात पती' इतकं लिहून अडले.

भाऊ चारच्या सुमाराला आले. दाढी वाढलेली, पायांत चपला वेगवेगळ्या. "मजकूर दाखव," म्हणाले.

त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग बाकीच्या वार्ता मागवून त्याही वाचल्या. "खेडकडच्या एक शिक्षिका आहेत आज. मनमिळाऊ," ते म्हणाले. "त्यांची आधी आली आहे." आणि त्यांनी वहिनींचा मनमिळाऊपणा सरळ रेघेनं काटला.

"भाऊ, राहू दे हो आजच्या दिवस."

"उद्या कोणीतरी हेच म्हणेल."

'त्यांच्या पश्चात पती' याच्या पुढे त्यांनी 'असा परिवार आहे' लिहून वाक्य पुरं केलं. ते स्वतःशीच पुन्हा वाचलं. "एका माणसाचा परिवार होतो का?" त्यांनी विचारलं. "पद्धत आहे," ते म्हणाले, आणि राहू दिलं.

मग ते 'येथे' या शब्दापाशी थांबले. पेनचं टोक कागदाला न टेकवता बराच वेळ त्यावर धरून ठेवलं. शेवटी 'येथे' खोडलं आणि वर बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'राहत्या घरी'.

"भाऊ," मी म्हटलं, "ते भाड्याचं..."

"राहत होती ती तिथे," भाऊ म्हणाले आणि कागद ऑपरेटरकडे दिला.

दसरा होऊन गेला. ताबा पुढच्या पाडव्याला मिळाला. भाऊ आता कुवारबावला राहतात, निवृत्त झाले आहेत. तिसरं पान माझ्याकडे आलं आहे. मी मधूनमधून त्यांच्याकडे जाते. दाराच्या कडीवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नाही, खिडक्यांच्या चौकटींवरचंही नाही. ओट्यावर एक गॅस, एक पातेलं, कोऱ्या चहाचा एक कप. भिंतीवर ते एकच कॅलेंडर, डावीकडे झुकलेलं, साल गेलेलं. लिफ्ट आली आहे आणि बहुतेक वेळा चालते, पण भाऊ जिन्यानं जातात. पायऱ्या खरंच विषम आहेत.

ते हॉलमध्ये झोपतात. बेडरूममध्ये का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "ती खोली बघून झाली आहे."

इमारतीत अजून कोणी गेलेलं नाही, हे मात्र ते मला दर वेळी सांगतात, हवापाण्याचं सांगावं तसं. मागच्या खेपेला निघताना दारात उभे राहिले आणि म्हणाले, "स्थळ आता पक्कं आहे. तुझ्याकडे मजकूर अपुरा यायचा नाही."

खुलाशाचं सांगायचं राहिलं.

वहिनींची वार्ता छापून आल्यावर चार-पाच दिवसांत मालकीण कचेरीत आली. हातात आमचं तिसरं पान, चार घड्या घातलेलं. भाऊंच्या समोर बसून आधी ती रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं घडी उलगडली.

"भाऊ, ह्यात 'राहत्या घरी' छापलंत."

"हो."

"घर माझं हाय ओ."

"हो."

"माझा मुंबईचा मुलगा म्हणतो, छापलं म्हणजे पुरावा झाला. उद्या कूळ लागलं तर काय करशील म्हणतो." ज्याला राहायला दिलं तोच कूळ म्हणून मालक होऊन बसतो, ही कोकणातल्या घरमालकांची जुनी भीती आहे, आणि ती कुठल्याही मयतापेक्षा जास्त टिकते. "मी काय तुम्हाला बाहेर काढत नाय. ती मला लेकीसारखी होती. पण तो मुलगा वकिलाकडे बसलाय. तेवढी दुरुस्ती छापा."

"छापतो," भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, मी लिहिते. ते म्हणाले, सदर माझं आहे. खुलासा त्यांनीच लिहिला, टाचणीला न टोचता, दोन ओळींचा, आणि तो दुसऱ्या दिवशी निधनवार्तांच्या खाली चौकटीत आला. अमुक दिवशी या सदरात प्रसिद्ध झालेल्या वार्तेत 'राहत्या घरी' हे शब्द अनवधानाने आले असून ते 'भाड्याच्या घरी' असे वाचावेत.

ऑपरेटरनं 'अनावधानाने' असं टाइप केलं होतं. भाऊंनी त्यातला काना काढला. बाकी मजकुरात चूक नव्हती.